टापास स्वस्तही आणि चांगलंही: हे जमतं कसं?

स्पेनहून परतलेल्या दोन मराठी कुटुंबांना टापासबद्दल, म्हणजे तिथल्या बारमध्ये छोट्या बशीत मिळणाऱ्या खाण्याबद्दल, विचारून पाहा. एक म्हणेल, "दोघांचं रात्रीचं खाणं वीस युरोत झालं, आणि चव अशी की अजून आठवते." दुसरं म्हणेल, "इवल्याशा बशा, पोट भरलं नाही, बिल मात्र साठ युरो." दोघांचंही खरं असतं. कित्येकदा ते एकाच शहरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर जेवलेले असतात.

2024 मध्ये स्पेनमध्ये जवळपास 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले, आणि त्या देशाची लोकसंख्या 5 कोटींच्या आत आहे. एवढ्या गर्दीसाठी खाण्याचा एक वेगळाच धंदा उभा राहिला आहे. मोठ्या चौकात, मोठ्या छत्र्यांखाली, फोटोंच्या फलकामागे तो चालतो. त्यात 2022 आणि 2023 च्या दुष्काळामुळे ऑलिव्ह तेलाचे भाव भडकले, आणि तिथल्या स्वयंपाकघरात बहुतेक सगळं त्याच तेलात शिजतं. त्यामुळे 'परवडणारं आणि चांगलं टापास कुठे मिळेल' हा प्रश्न आता तिथल्या लोकांनाही पडू लागला आहे.

हॉटेलांच्या नावांची यादी देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण यादीतलं हॉटेल यादीत आलं की बदलायला लागतं. टापास स्वस्त असतं तेव्हा ते नेमकं कशामुळे स्वस्त असतं, हे कळलं की अनोळखी गावातही अंदाज चुकत नाही.

## टापा म्हणजे पदार्थ नव्हे, माप

मूळ स्पॅनिश उच्चार 'तापा', आपल्याकडे 'टापा' रूढ झाला. 'टापास' हे त्याचं अनेकवचन. शब्दाचा अर्थ झाकण. दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांतात वाइनच्या पेल्यात माशी किंवा धूळ पडू नये म्हणून वर पावाचा तुकडा नाहीतर मांसाची चकती ठेवत, आणि त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. दोन-तीन राजांच्या नावानेही अशाच कथा आहेत. त्या सांगायला छान आहेत, पण सिद्ध झालेली एकही नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की टापा हे मापाचं नाव आहे. कुठलाही पदार्थ दोन-चार घासांच्या बशीत आला की तो टापा. तोच पदार्थ अर्ध्या प्लेटमध्ये आला की 'मेदिया रासिओन', आणि दोघा-तिघांना पुरेल एवढा आला की 'रासिओन'. उत्तरेकडे, बास्क प्रदेशात, पावाच्या तुकड्यावर काहीतरी रचून काडी खोचलेली असते, तो 'पिंचो'.

पाहुण्यांची पहिली फसगत इथेच होते, आणि त्यात कुणाचा लबाडपणा असेलच असं नाही. तुम्ही 'चार टापास' म्हणून चार पदार्थांवर बोट ठेवता, वेटर चार रासिओन आणतो. बारा युरोची एक, अशा चार. टेबल भरतं आणि पाकीट रिकामं होतं. मागवताना 'तापा' की 'रासिओन' हे एका शब्दात विचारून घ्या. काही ठिकाणी टापा फक्त काउंटरवर मिळतो, टेबलावर बसलात की रासिओनच घ्यावी लागते. तेही फलकावर लिहिलेलं असतं.

आपल्याकडे याला सगळ्यात जवळचा शब्द चखणा. फरक असा की आपल्याकडे चखणा पेल्याच्या मागे चालतो. स्पेनमध्ये पेला निमित्त झाला आणि बशी पुढे गेली. कित्येक जण लिंबूसरबत किंवा बिनअल्कोहोलची बिअर घेऊन त्याच काउंटरला उभे असतात, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

## खरं हॉटेल म्हणजे अख्खी गल्ली

उत्तर स्पेनमधल्या ला रिओखा या वाइनच्या मुलुखात लोग्रोन्यो नावाचं गाव आहे. त्याच्या जुन्या भागात 'काय्ये लाउरेल' ही गल्ली आणि तिला जोडलेली बोळं. चालायला पाच मिनिटं पुरतात, पण तेवढ्यात पन्नासच्या वर बार आहेत. त्यातला 'बार सोरियानो' एकच पदार्थ करतो: मशरूम.

समोर मोठा सपाट तवा, त्याला तिथे 'प्लांचा' म्हणतात. त्यावर मशरूमच्या टोप्या उलट्या मांडलेल्या, वाटीसारखं तोंड वर. प्रत्येक वाटीत लसणाचं तेल आणि मशरूमचं स्वतःचं पाणी उकळत असतं. बारच्या मागचा माणूस तीन टोप्या एकावर एक रचतो, वर एक कोलंबी, त्यातून काडी आरपार, आणि खाली पावाचा तुकडा. रस निथळून पावात उतरतो. तुम्ही उभ्यानेच खाता, छोटा पेला संपवता, पैसे देता आणि पुढच्या दारात शिरता. तिथे दुसरा कुणीतरी दुसरंच काही करत असतो.

कुणीही रात्रभर एका ठिकाणी जेवत नाही. संध्याकाळ चार-पाच दारांवर वाटली जाते. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही, ही खाऊगल्लीच आहे. एकाकडे पावभाजी, दुसऱ्याकडे डोसा, कोपऱ्यावर कुल्फी. पावभाजीवाल्याने डोसा ठेवायला सुरुवात केली की आपल्याला शंका येते. लोग्रोन्योतल्या माणसालाही येईल.

टापासची स्वस्ताई मुळात इथून येते. एकाच बारला सगळं करावं लागत नाही. मशरूमवाला रोज एकच माल घेतो, भरपूर घेतो म्हणून भाव चांगला मिळतो, रात्री काही उरत नाही. एका तव्यावर एक-दोन माणसांत काम भागतं. आणि एकच गोष्ट वर्षानुवर्षं दिवसभर केली की हात बसतो. इथे स्वस्त आणि चांगलं एकाच कारणाने होतं, म्हणून मला ही व्यवस्था मनापासून आवडते.

माद्रिदमध्ये, भर गजबजाटात, 1860 पासून चालू असलेलं 'कासा लाब्रा' हे याचं दुसरं उदाहरण. स्पेनच्या समाजवादी पक्षाची स्थापना 1879 मध्ये इथेच झाली. पण लोक रांग लावतात ती तळलेल्या कॉड माशासाठी आणि 'क्रोकेता' नावाच्या तळलेल्या वड्यांसाठी. एका खिडकीवर खाणं घ्यायचं, दुसरीकडे पेय, आणि उभं राहायचं.

## पैसे नेमके वाचतात कुठे

हॉटेलधंद्यातला ढोबळ हिशेब असा: बशीची किंमत 10 युरो असेल तर कच्चा माल साधारण 3 युरोचा. उरलेल्या सातांत भाडं, पगार, वीज, फेकून द्यावं लागलेलं अन्न, कर आणि सगळ्यात शेवटी नफा. म्हणजे खाणं स्वस्त करायचं असेल तर कोलंबी लहान घेऊन फार काही साधत नाही. जागा आणि वाया जाणारा माल, या दोन्हींत खरी बचत असते.

जागेचं पाहा. टेबलावर बसलेलं जोडपं दीड तास उठत नाही. काउंटरला उभा माणूस वीस मिनिटांत दोन पदार्थ खाऊन निघतो. तेवढ्या जागेत आणखी तिघे-चौघे येऊन जातात. म्हणून स्पेनमध्ये कित्येक ठिकाणी एकाच पदार्थाचे तीन भाव असतात: 'बार्रा' म्हणजे काउंटर, 'मेसा' म्हणजे आतलं टेबल, आणि 'तेर्रासा' म्हणजे बाहेरची बैठक. तेर्रासा सगळ्यात महाग. सोबत म्हातारे आई-वडील असतील तर जरूर बसा, पण ते भाडं आपण बशीतून देतो हे ठाऊक असू द्या.

वाया जाण्याचं उत्तर म्हणजे क्रोकेता. वर कुरकुरीत, आत मऊ, अंगठ्याएवढी लांबट तळलेली वडी. डुकराची खारवून सुकवलेली मांडी, म्हणजे 'हामोन', कापत कापत हाडापाशी आली की चकत्या निघेनाशा होतात, आणि ते तुकडे विकता येत नाहीत. ते बारीक चिरायचे. लोण्यात किंवा तेलात मैदा परतायचा, थोडं थोडं दूध घालत घोटत राहायचं, हात दुखेपर्यंत. पिठल्याला गुठळी होऊ नये म्हणून आपण जसं ढवळतो तसं, फक्त किती तरी जास्त वेळ. त्यात हामोनचे तुकडे घालून रात्रभर फ्रिजमध्ये थिजवायचं. दुसऱ्या दिवशी वळायचं, अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवायचं, तळायचं. माल पाहिला तर दूध, मैदा आणि उरलेले तुकडे. बाकी सगळी मेहनत.

हीच मेहनत आज सगळ्यात आधी कापली जाते. कारखान्यात तयार झालेल्या, नुसत्या गरम करायच्या खाण्याला तिथे 'किंता गामा' म्हणतात, म्हणजे पाचवी श्रेणी. गोठवलेल्या क्रोकेतांची पिशवी फोडून तळणीत टाकली की काम झालं. दिसायला फरक कमी, भाव जवळपास तोच. ओळखण्याची खूण साधी आहे. हाताने वळलेल्या क्रोकेता एकसारख्या नसतात, एखादी जाड, एखादी वाकडी. आतला भाग चमच्यावरून ओघळेल इतका मऊ असतो. सगळ्या एका साच्यातून निघाल्यासारख्या आणि आतून पिठूळ असतील तर पुढचं मागवू नका.

## 'फुकटचा टापा' खरंच फुकट असतो का?

ग्रानादा, आल्मेरिया, खाएन आणि लेओन या शहरांत अजून चाल आहे: पेय मागवलं की टापा आपोआप येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ग्रानादात बहुतेक ठिकाणी काय येईल ते बार ठरवतो. दुसऱ्या पेल्याबरोबर दुसरा पदार्थ, तिसऱ्याबरोबर तिसरा. आल्मेरियात यादीतून आपण निवडायचा. एका छोट्या बिअरला, जिला 'कान्या' म्हणतात, दोन-तीन युरो पडतात. युरो ढोबळमानाने 100 रुपयांचा धरला तर तीन पेल्यांत सहाशे ते नऊशे रुपयांत एकाचं रात्रीचं भागतं.

अर्थात त्या पदार्थाची किंमत पेल्यात धरलेली असते. तरीही हा व्यवहार गिऱ्हाइकाच्या फायद्याचा आहे, कारण काय द्यायचं हे बार ठरवत असल्याने बाजारात त्या दिवशी जे चांगलं आणि स्वस्त आलं तेच रांधता येतं. आपल्याकडच्या खाणावळीतल्या 'आजच्या भाजी'सारखं. निवड सोडली की भाव उतरतो. मात्र फुकटचा टापा म्हणून चिप्सचा वाडगा समोर आला तर पेला संपवून सरळ पुढच्या दारी जावं.

बास्क प्रदेशातलं सान सेबास्तियान शहर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पिंचोंसाठी नावाजलेलं, आणि महाग. पण तिथेही ग्रोस भागात गुरुवारी संध्याकाळी एक पेय आणि एक पिंचो मिळून माफक दरात मिळतात, 'पिंचो-पोते' नावाने. आणखी एक गोष्ट: काउंटरवर रचलेले पिंचो बघून पाहुणे भुलतात. माहीतगार माणूस मागचा फळा वाचतो आणि गरम पिंचो सांगतो, तो त्याच वेळी करून मिळतो.

## अंडं आणि बटाटा, एवढ्यावर परीक्षा

कुठल्याही टापास बारची पारख करायला मी तोर्तिया मागवते. मेक्सिकोची पोळी वेगळी. स्पेनची तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. बटाटा, अंडी, ऑलिव्ह तेल, मीठ, आणि कांदा घालायचा की नाही यावर अख्ख्या देशात दोन तट.

बटाट्याच्या चकत्या भरपूर तेलात मंद आचेवर शिजवतात, कुरकुरीत करायच्या नसतात. मग त्या निथळून फेटलेल्या अंड्यात मुरू देतात. कढईत ओतल्यावर कडा धरल्या की वर ताट उपडं ठेवून एका झटक्यात कढई उलटतात, आणि कच्ची बाजू खाली जाईल असं ऑम्लेट परत आत सरकवतात. तो क्षण पाहताना काउंटरवरचे लोक बोलणं थांबवतात, असं मी पाहिलं आहे. कापल्यावर मध्यभाग ओलसर दिसला पाहिजे. मालाची किंमत नगण्य, लपवायला मसाला नाही. इथे जो घाई करतो तो सगळीकडेच करत असणार. कारखान्याची तोर्तिया उंचीने एकसारखी, कडेने गोल गुळगुळीत आणि आतून रबरासारखी असते.

हामोनच्या बाबतीत उलटं आहे. तिथे कारागिरीइतकाच माल महाग असतो. काळसर इबेरिको जातीच्या, ओकची फळं खाऊन वाढलेल्या डुकराचा हामोन सर्वांत वरचा. 2014 च्या नियमानुसार मांडीवर रंगीत पट्टी लावतात: शंभर टक्के इबेरिको आणि ओकफळांवर पोसलेलं असेल तर काळी, मिश्र जातीचं पण ओकफळांवरचं असेल तर लाल, चराई आणि खुराक दोन्हींवरचं हिरवी, गोठ्यात खुराकावर वाढवलेलं पांढरी. चार युरोच्या बशीला कुणी सर्वांत वरचा माल म्हणत असेल तर काळी पट्टी कुठे आहे ते पाहा. परवडणाऱ्या बारमध्ये साधा, पांढऱ्या डुकराचा 'सेर्रानो' खावा. त्यात काही कमीपणा नाही.

वाईट जागेच्या खुणा मी पैसे देऊन शिकले. एका मोठ्या शहराच्या मुख्य चौकात, फोटोंचा फलक पाहून, 'दहा टापासचं मिश्र ताट' मागवलं. दहाही पदार्थ एकाच तळणीतून आलेले, एकाच चवीचे. चांगल्या जागेचा फळा लहान आणि खडूने लिहिलेला असतो, कारण पदार्थ संपला की तो पुसावा लागतो. दक्षिणेतल्या सेव्हिया शहरातला 'एल रिंकोन्सियो' हा बार 1670 सालचा. तिथे वेटर गिऱ्हाइकाचं बिलसुद्धा लाकडी काउंटरवर खडूने मांडतात आणि पैसे मिळाले की हाताने पुसून टाकतात.

## डब्यातला मासा, कच्चा मासा

"डबा उघडून बशीत ओतला, त्याचे सहा युरो?" हा राग समजतो. पण स्पेनमध्ये डबाबंद मासळीला आपल्याकडच्या मुरलेल्या लोणच्यासारखा मान आहे. उत्तरेकडच्या कांताब्रिया प्रांतातल्या सांतोन्या गावची आंचोव्ही ही छोटी मासळी मिठात महिनोन्महिने मुरवतात, मग एकेक मासा हाताने साफ करून तेलात रचतात. ते काम बारमध्ये होत नाही एवढंच.

दुसरी भीती व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या 'बोकेरोनेस'ची. हे छोटे मासे शिजवलेले नसतात, आणि नुसत्या व्हिनेगरने माशातला आनिसाकिस नावाचा कृमी मरत नाही. म्हणून 2006 पासून कायद्यानेच हॉटेलांना असा मासा आधी गोठवणं बंधनकारक आहे. इथे 'गोठवलेला' ही चांगली गोष्ट.

## शाकाहारी माणसाने काय करावं?

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण सावध राहावं लागतं. 'मांस नको' म्हटल्यावरही भाजीवर हामोनचा चुरा भुरभुरलेला येऊ शकतो. बटाट्याच्या सॅलडमध्ये, 'एन्सालादिया'मध्ये, बहुधा ट्यूना असतो. कोर्दोबाच्या 'साल्मोरेखो'वर, म्हणजे टोमॅटोच्या थंडगार दाट सुपावर, अंडं आणि हामोन हमखास. म्हणून तिन्ही एकदम सांगा: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो', मांस, हामोन, मासे नकोत.

आता काय खावं. सेव्हियात पालक-हरभरे, जिरं, लसूण आणि थोड्या व्हिनेगरसह. पहिल्या घासाला घरची आठवण येते. पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या, तळून वर जाड मीठ. दहातली एखादी तिखट निघते. टोमॅटो चोळलेला पाव. आणि दक्षिणेत वांग्याच्या तळलेल्या कापांवर 'मिएल दे कान्या'. शब्दशः उसाचा मध, म्हणजे आपली काकवी. मालागाजवळच्या फ्रिखिलियाना गावात ती अजून बनते. वांग्याची भजी आणि काकवी ही जोडी आपल्याला कशी सुचली नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

## बिलात काय असतं, काय नसतं

भाव करासकट लिहिलेले असतात. 2022 च्या कायद्यानुसार नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा, नाहीतर बाटली येईल. पावाचे पैसे लावायचे असतील तर ते यादीत लिहिलेले हवेत. टीप देण्याची सक्ती नाही, लोक सुटे ठेवून निघतात.

## मग स्पेनबाहेर टापास महाग का?

लंडनमध्ये किंवा आपल्या मोठ्या शहरांत टापासच्या नावाखाली जे मिळतं त्यात गल्ली नसते. एकाच छपराखाली तीस पदार्थ, प्रत्येकाला टेबल, प्रत्येकाचा माल साठवायचा, उरला तर टाकायचा. वर तेल आणि मासळी परदेशातून. बशी मात्र टापाचीच, लहान, म्हणून पोट भरायला सहा लागतात. यात मालकाचा दोष नाही. जी व्यवस्था टापास स्वस्त करते ती बांधून नेता येत नाही.

तरीही बाहेर चांगली जागा सापडते. फळ्यावर दहा-बारा पदार्थ असतील, काउंटरला बसायची सोय असेल, कोलंबी मातीच्या पसरट भांड्यात लसूण-मिरचीच्या तेलात चरचरत येत असेल, आणि ते तेल टिपायला पाव न मागता मिळत असेल, तर बसा. तोर्तिया मागवा. "वीस मिनिटं लागतील, आत्ता टाकतोय," असं म्हणाले तर थांबा.